नातवंडं निळी झाली

प्रिय तोशिए,

तू पाठवलेलं खरबूज पोचलं. दोन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तिसऱ्या दिवशी घरभर असा वास सुटला की रागाला काही अर्थच राहिला नाही. अर्धं शेजारच्या मासेवालीला दिलं. ती खाता खाता म्हणाली, "मिनेकोबाई, विहीण मिळावी तर अशी." मी तिला आणखी एक फोड कापून दिली. तिला काय सांगणार? गोड होतं, नाही म्हणणार नाही. पण आवळा देऊन कोहळा काढायची तुझी रीत मला जुनीच ठाऊक आहे. मे महिन्यातला तो सामना झाल्यापासून तू इतके फोन केलेस, मी एकही उचलला नाही. फोनवर तू रडतेस, मग मला गप्प बसावं लागतं. कागदावर तुला रडता येणार नाही आणि मला मध्येच थांबवताही येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा बंदरावरून येताना आपला जुना कारखाना दिसला. आता तिथे गाड्या उभ्या करतात. ट्यूनाच्या डब्यांच्या त्या पट्ट्यापाशी आपण दोघी शेजारी शेजारी उभ्या असायचो. तू गायचीस आणि मुकादम आला की गाणं माझ्या नावावर ढकलायचीस. इवाता गावच्या त्या लाजऱ्या मेकॅनिकला पहिल्यांदा भेटायला जाताना तू माझा कोट घालून गेलीस, कारण तुझ्या कोटाला मासळीचा वास येत होता. कोट परत आला, तू आली नाहीस. पुढे दोन्ही गावांचे फुटबॉलचे मोठे संघ झाले, आमचा शिमिझुचा नारिंगी आणि तुमचा इवाताचा निळा, तेव्हा तुला चिडवायला मी फोन करायचे. तू म्हणायचीस, "अगं, बावीस दांडगे एका चेंडूमागे धावतात, त्यात आपण कशाला भांडायचं?" तुला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला ते बरं वाटायचं. निदान एका बाबतीत तरी मी तुझ्या पुढे होते.

मग माझ्या नोबुयुकीने नागोयाच्या कॉलेजात नेमकी तुझीच लेक साओरी शोधून काढली. लग्नात मी किती रडले ते तू पाहिलंस. लोकांना वाटलं मुलगा चालला म्हणून रडते. मी रडत होते मैत्रीण परत मिळाली म्हणून. चिहारु झाली, गाकु झाला, आणि गाकु रांगायला लागला त्या वर्षी आमचे हे गेले. नोबुयुकी आणि साओरी दोघंही कामावर, मुलं दिवसभर माझ्याकडे. यांची मैदानावरची वर्षभराची जागा रिकामी ठेवणं मला जमेना, म्हणून मी मुलांनाच घेऊन जायला लागले. त्या डोंगरउतारावरच्या मैदानात ढोलांचा एवढा दणदणाट, आणि त्यात गाकु माझ्या मांडीवर गाढ झोपायचा. गोल झाला की दचकून उठायचा, टाळ्या वाजवायचा आणि परत झोपायचा. चिहारुला ढोलवाल्यांनी एक छोटा ढोल दिला होता. मागच्या रांगेतले म्हातारे म्हणायचे, "आजी, तुमची नात पोरांना मागे टाकणार." तोशिए, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षं होती. नवरा नुकताच गेलेल्या बाईने असं म्हणू नये, पण होती.

नोबुयुकीची बदली तुमच्या गावच्या कारखान्यात झाली तेव्हा मी वरवर हसून म्हटलं, "छान झालं, दुसऱ्या आजीलाही मुलं मिळू देत." आतून काय झालं ते माझं मला ठाऊक. त्यांचं घर तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलं शाळेतून थेट तुझ्याकडे. मग फोनवर सुरू झालं, "इवाताची आजी असं करते, इवाताची आजी तसं करते." मी अंडं गुंडाळून त्याची वळी केली तर गाकु म्हणतो, "इवाताच्या आजीची गोड असते." अरे, सात वर्षं खारटच खाल्लीस की बाबा, तेव्हा कुठे गेला होता गोडवा? चिहारुचे केस तू कापून आणलेस. चांगले दिसत होते, म्हणून जास्तच राग आला. साओरी महिन्यातून एकदा मुलांना आणायची. दोघं दारात नारिंगी शर्टात उभी दिसली की मी सगळं विसरायचे. म्हणायचे, बघ मिनेको, अंड्याची वळी तिची असेल, पण मुलं अजून आपलीच आहेत. मी त्या शर्टावर किती भिस्त ठेवून बसले होते, ते आता लिहिताना कळतंय.

आणि मग तो मे महिन्यातला सामना. आमच्याच मैदानावर, तुमच्या संघाशी. मी सकाळी लवकर जाऊन मुलांच्या जागांवर रुमाल टाकून आले. भाताचे गोळे केले, गाकुच्या गोळ्यात आंबट आलुबुखार घातलं नाही. नोबुयुकीचा फोन आला, "आई, दोघांनाही सर्दी झाली आहे, नाही येत." आवाज अगदी लहानपणी फुलदाणी फोडली होती तेव्हासारखा. मला कळायला हवं होतं. मी गोळे मागच्या म्हाताऱ्यांना वाटले आणि खेळ बघत बसले. मध्यंतरात यांची दुर्बीण काढली, उगाच, तुमच्या बाजूचे लोक किती आलेत बघावं म्हणून. निळ्या कोपऱ्यात, कठड्याला धरून, गाकु उड्या मारत होता. अंगात निळा शर्ट. शेजारी चिहारु, तीही निळी. आणि मधे तू, डोक्याला निळा रुमाल बांधून, हात वर करून काहीतरी गात होतीस. तू, जिला ओ की ठो कळत नव्हतं.

नंतरचा खेळ मला आठवत नाही. आम्ही जिंकलो म्हणे. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी दुर्बिणीच्या ओल्या काचा पुसत होते. मागचा म्हातारा म्हणाला, "आनंदाने रडू येतंय का, आजी?" मी म्हटलं, "हो, आनंदानेच." जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याने दुसऱ्या बाईकडे पाहिलं असतं तरी मी इतकी जळले नसते. खरंच सांगते, मला तुमच्या बसच्या थांब्याकडे यायचं नव्हतं. पाय आले. आणि तुला पाहिल्यावर तोंडातून निघून गेलं, "स्वतःचं गाव सोडलंस ते सोडलंस, आता माझी नातवंडंही फोडलीस का?" आजूबाजूचे निळे लोक बघत होते. तू एक अक्षर बोलली नाहीस. खाली वाकून नमस्कार केलास, मुलांचे हात धरलेस आणि बसमध्ये चढलीस. गाकु रडत होता. खिडकीतून माझ्याकडे बघत होता आणि रडत होता. तू उलटून बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू न बोलल्यामुळे वाईट मी एकटीच ठरले. त्याचाही मला राग आला होता. अजून थोडा आहे.

गेल्या रविवारी चिहारु आली. एकटी, आगगाडीने, पहिल्यांदाच. तुला सांगून आली असणारच, म्हणून ती कशी आली ते लिहीत नाही. दारात उभी, अंगात तोच नारिंगी शर्ट. मी नव्या चहाचं आधण ठेवलं. ती कपाट उघडायला हात वर करते आहे तर शर्ट पार पोटावर चढला. बाह्या दंडात रुतलेल्या. मी म्हटलं, "अगं, हा केवढासा झालाय? मोठा नाही घेतला का?" ती कपाटाकडेच तोंड करून म्हणाली, "आजी, मोठा घेतला. निळा घेतला."

मग बसून सगळं सांगितलं. तुला ते ठाऊक आहे, पण मला कसं कळलं ते तुला ठाऊक नाही. नव्या शाळेच्या पहिल्याच दिवशी गाकु मोठ्या ऐटीत नारिंगी शर्ट घालून गेला आणि पोरांनी त्याचं नाव संत्रं ठेवलं. कोणी मारलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत चेंडू त्याच्याकडे कोणी देईना. तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि घरी येऊन सांगायचा, आज खूप खेळलो. चिहारुने खिडकीतून पाहिलं. ती म्हणाली, "मी इवाताच्या आजीला सांगितलं, आम्हाला निळे शर्ट हवेत. ती म्हणाली, नको, शिमिझुच्या आजीला काय वाटेल? थोडं थांबा, पोरं विसरतील. पण ती विसरत नव्हती, आजी. मग मीच हट्ट धरला." मी विचारलं, "म्हणजे वरवर निळे, आतून आपलेच ना?" मला हो ऐकायचं होतं गं. तिने हातातला चहा खाली ठेवला. ती माझ्या मुलावर गेली आहे, खोटं बोलायचं तर तिला फोन लागतो. म्हणाली, "आधी नाटकच होतं. मग तिकडची गाणी पाठ झाली. मग त्यांचा तो डावखुरा खेळाडू आवडायला लागला. मग ते हरले तेव्हा गाकु रडला, आणि मीही. आता नाटक इथे येताना करावं लागतं."

शिझुओका स्टेशनवर गाडी बदलताना दोघं स्वच्छतागृहात शर्ट बदलायची, आणि परत जाताना तिथेच पुन्हा निळे घालायची. साओरीला माहीत. नोबुयुकीला माहीत. त्याचं, तुझ्या जावयाचं, तर विचारूच नकोस, तो म्हणे आता दोन्ही संघांचे सामने आवाज बंद करून बघतो. मी विचारलं, "सगळ्यांना ठाऊक आणि मलाच नाही? हे तुझ्या इवाताच्या आजीने शिकवलं का?" ती एकदम चिडून म्हणाली, "ती तर दर वेळी म्हणायची, सांगून टाका, सांगून टाका. आम्हीच नाही म्हणालो. तुला काही सांगितलं की तू जेवत नाहीस. बाबाने बदलीचं सांगितलं तेव्हा तू रात्री जेवली नव्हतीस, दुसऱ्या दिवशी पण नाही. गाकुला अजून आठवतं." मी म्हटलं, "आणि तिला सगळं सांगता?" तर म्हणते, "हो. तिला सांगितलं तर काहीच होत नाही. ती नुसती ऐकते आणि खायला देते."

ती गेल्यावर मी दोघींचे पेले विसळले. इतके दिवस मला वाटत होतं, माझं दुखणं त्या निळ्या रंगाचं आहे. तोशिए, रंगाचं काय, एखादा खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात जातो आणि आपण त्यालाही टाळ्या देतो. मुलं तुझ्यासमोर जशी आहेत तशी असतात आणि माझ्या दारात येण्याआधी कपडे बदलतात, याने माझं काळीज जळतंय. आपला गाकु, आठ वर्षांचं पोरगं, आजी उपाशी राहील म्हणून वर्षभर दंडात रुतलेला शर्ट घालत होतं. मी त्याच्याकडून एवढं ओझं वाहवून घेत होते आणि शर्ट बघून खूश होत होते. तुझा मला हेवा वाटतो. आधी वाटत होता त्याहून जास्त वाटतो, कारण आता तुला नावं ठेवायलाही जागा उरली नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. जाता जाता चिहारुने सांगितलं की ऑक्टोबरमध्ये तुमच्या मैदानावर परतीचा सामना आहे, आणि खेळाडूंचा हात धरून मैदानात जायला ज्या मुलांची निवड झाली त्यात आपला गाकु आहे. निळ्या संघातल्या खेळाडूचा हात धरून. मी यावं असं त्याला फार वाटतं, पण तो मला विचारणार नाही, आणि तुलाही मला विचारू देत नाही. तेव्हा मी विचारते. तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेव. त्या बाजूला नारिंगी चालत नाही हे मला माहीत आहे. माझ्याकडे निळं काहीच नाही आणि मी घेणारही नाही. राखाडी स्वेटर घालून येईन. आमचा गोल झाला तर हात मांडीखाली दाबून बसेन. तुमचा झाला तर माझ्याकडे बघू नकोस. फक्त एक कर, तोशिए, आपल्या सगळ्या वर्षांची शपथ घालून सांगते, हे पत्र वाचून लगेच मुलांकडे धावू नकोस. तुला सवय आहे, आनंदाची गोष्ट तुझ्या पोटात राहत नाही. रविवारी दुपारी मी फोन करणार आहे, तुझ्याकडे नाही, गाकुकडे. मी येते आहे हे त्याला माझ्या तोंडून कळू दे. त्याला काय वाटलं ते तो पहिल्यांदा मला सांगेल. तुला मागाहून कळलं तरी चालेल.

तुझीच, अजून पुरती न निवळलेली,
मिनेको