पहिला जिताडा

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आलो बुवा एकदाचा! हातगाडीवर सुरुवात करून बावीस वर्षं केबिन रोडवर नळाचं सामान विकलं. आता मुर्ध्यापलीकडचा मिठागराचा जुना तलाव पाच वर्षं माझा. पत्र्याची खोली, एक खाट, आणि खाडीचं पाणी आतबाहेर करायला बांधात उघाडी. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना इथे बसवायचं, असा बेत आहे. बायको, शुभदा, शांती नगरातल्या घरीच राहिली. म्हणाली, हरिश्चंद्र, चिखलाचा राजा तूच हो.

आजपासून गळवाल्यांच्या ग्रुपवर रोजची बातमी. पाणी हिरवट, भरती दुपारी. पावाच्या गोळीला तिलापी धडाधड लागतेय, काळुंदर दोन. बोय नुसत्या उड्या मारून चिडवतायत.

सोमवार, २७

जिताडा! जिवंत कोळंबी लावली होती. आधी पाण्यात 'टॉक्' असा आवाज. जिताडा भक्ष्य गिळतो तेव्हा असाच वाजतो. मग तंगूस सुर्रकन पळाली. नायलॉनचा तो बारीक धागा, पण हात कापत गेला. चार किलोचा मासा, शेपटीचा वरचा तुकडा उडालेला.

बांधापलीकडच्या रखमाबाई चिंबोऱ्या पकडत होत्या. त्यांची हयात मिठागरावर गेली. धावत आल्या. म्हणाल्या, शेट, नव्या धन्याचा पयला जिताडा पान्याचा. सोडा त्याला. मी म्हटलं, करारात पाण्याची सही नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, न्हाय सोडला तं पानी आपला गल टाकतं.

तळून खाल्ला. झकास होता.

बुधवार, २९

शांती नगरातून शेजारचा दशरथ आला, चार तास गळ टाकून बसला, एक तिलापीसुद्धा नाही. जाताना म्हणाला, काका, तलाव भरलाय की नुसतं पाणी दाखवताय? मी चिडून गळ टाकला. दहा मिनिटांत 'टॉक्'. जिताडा. चार किलो. शेपटीचा वरचा तुकडा नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात गळाची जुनी जखम.

सोमवारचे काटे मी स्वतः भिंतीमागे पुरले होते. उकरून पाहिलं. आहेत.

तोच मासा कसा असेल? असला तर असू दे. परत खाल्ला.

शनिवार, १ नोव्हेंबर

बातमी: पाणी स्वच्छ, भरती चांगली, कुणालाच काही लागत नाही. मला मात्र तोच, तिसऱ्यांदा. रखमाबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, अजून टाईम हाय शेट, जित्ता हाय तोवर सोडा. क्षणभर हात सैल झाला होता, खोटं कशाला लिहू. पण हातगाडी लावली तेव्हाही सगळे म्हणायचे, सोड. सोडलं असतं तर आज कुठे असतो? हातात आलेलं मी कधी सोडलं नाही. पाण्याच्या धाकाने तर नाहीच.

खाल्ला. या वेळी चिखलाची चव.

माझे कान तिखट. भिंतीला कान लावून नळ कुठे गळतोय ते सांगायचो. आज 'टॉक्' तलावातून आला नाही. माठातून आला.

सोमवार, ३

दाढी करताना दिसलं. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात भोक. आरपार. दुखत नाही. चहा गळतो.

पाण्याचा घोट घेतला की 'टॉक्'. आतून. माझ्या आतून.

मंगळवार, ४

शुभदाकडे निघालो. पळून नाही, डॉक्टरला दाखवायला. रिक्षा नाक्यापर्यंत गेली आणि ओठ मागे खेचला गेला. रिक्षावाला म्हणाला, चाचा, क्या हुआ, खून निकल रहा है. उतरलो. तलावाकडे चालू लागलो तसा ताण सैल झाला.

दिसत काही नाही. बोटांना लागतं. तंगूस. कात्री चालवली, बोट कापलं. धागा तसाच.

रखमाबाईंकडे गेलो. आता काय सोडू, विचारलं. त्या म्हणाल्या, आता तुमच्या हातात काय हाय शेट?

आहे. खाट आहे, दोरखंड आहे. स्वतःला बांधून घेतो. बघू कोण दमतं.

बुधवार, ५, पौर्णिमा

भर दुपार. उधाण. उघाडीच्या फळ्या फुटल्या, पाणी उंबऱ्यात. खाट सरकतेय — दाराकडे — मी तिला बांधलेला, हात तेवढे मोकळे. मजबूत गाठ मारली होती, आता मलाच सुटेना.

आजची बातमी: पाणी गढूळ, भरती जोरात. काय लागतंय? मी.

हात जोडणार नाही. जिताडाही कुठे विनवत होता? शेवटपर्यंत झटके दिले त्याने. मीही देतोय — एक दिला — खाट थांबली — परत —

शुभदा, माझ्या गळाला हात लावू नकोस. इथे कुणी —

टॉक्. अगदी जवळ.

म्हणजे पाण्याच्या गळाला लागलेला मीही पहिलाच. रखमाबाई म्हणतात तो कायदा पाण्यालाही असेल, तर पहिला सोडायचा असतो. बघतोच आता, पाणी तरी मला सो