शेवटची बारा वचने

१२ जानेवारी १९५९
आजपासून लेखणी माझ्या हाती! ह्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा अजून व्हायचाय. डॉक्टरांनी बजावलंय — सहा महिने लिहिणं-वाचणं बंद. आणि नगरच्या धर्मविद्यालयाला प्रबंध ईस्टरच्या आत हवा. जयपूरच्या विमा कचेरीतून रजा मिळाली ती ह्याच कामात घालवणार म्हणे. "तू मॅट्रिक आहेस, अक्षर सुरेख आहे. मी सांगतो, तू लिही." शुभवर्तमानावर लिहायचं म्हणजे उपासनाच. सिगडी टेबलापाशी ओढली, प्रार्थना केली आणि बसले.

१९ जानेवारी
उपासना कसली! आधी ती इंग्रजी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. कळत नव्हतं तोवर बरं होतं. एकजण लिहितो, माणसाला भय वाटलं म्हणून त्याने देव घडवला. तेवढंच दोनदा वाचायला लावलं.
"तुम्हांला पटतं हे?"
"पटण्याचा प्रश्न नाही, रत्ना. तपासून पाहायचं."
तपासून! वांगी आहेत का?

२७ जानेवारी
तिसरं प्रकरण. सर्वांत जुन्या शुभवर्तमानाचा शेवट. जुन्या हस्तलिखितांत म्हणे बाया रिकाम्या कबरेपासून घाबरून पळतात — आणि तिथेच संपतं! उठलेला प्रभू कोणाला भेटतच नाही.
"लिही. शेवटची बारा वचने मूळ लेखकाची नाहीत. कोणा भाविक नकलकाराने ती मागाहून जोडली."
मी लिहिलं — ती मूळची नसावीत, असे काही विद्वानांना वाटते.
"झालं?"
"झालं."
हे काळ्या चष्म्याआड डोळे मिटून बसले होते.

२८ जानेवारी
हिशेबाच्या वहीत आजवर एक आणा इकडचा तिकडे केला नाही मी.

८ फेब्रुवारी
एकदा केलं की हात सरावतो. परवा एक अख्खं वाक्य गाळलं.
आज बायकांच्या प्रार्थनेला नेहमीसारखी मीच पुढे. नंतर एकजण म्हणाली, "बहनजी, आपकी प्रार्थना से बड़ी शांति मिलती है." शांती! पाळकसाहेबांना सांगावं तर ह्यांची बेअब्रू. ह्यांना सांगावं तर माझी धडगत नाही. नवऱ्याचं ऐकावं हेही शास्त्रातच, प्रभूला नाकारू नये हेही शास्त्रातच. जायचं कुठे माणसाने? बरं, जयपुरात मराठीत बोलावं असं मंडळीत कोणी नाही. म्हणून ही वही.

२ मार्च
नगरहून आप्पासाहेबांचं पत्र. आप्पासाहेब म्हणजे ह्यांचे गुरुजी, प्रबंध तपासणार तेच. तीन प्रकरणांची नक्कल पाठवली होती. पत्र वाचायचं कोणी? मीच! त्यांनी लिहिलंय, तिसऱ्या प्रकरणात तुमची लेखणी नम्र झाली, 'असे काही विद्वानांना वाटते' हे वाचून समाधान वाटले. तेवढी ओळ ओलांडून पुढे गेले. बाकीची स्तुती वाचली.
"म्हातारा नरमला म्हणायचा!" हे खूश.
आता पत्रसुद्धा बदलायला लागले मी.

९ मार्च
सापडले.
मी आत कणीक मळत होते. प्रतिमाला शाळेची सुट्टी. पोरगी हिंदी शाळेतली, मराठी अडखळत वाचते. हे म्हणाले, ये, तुझं मराठी सुधारू या, टेबलावरची प्रबंधाची वही आण. नेमकं तिसरं प्रकरण काढलं तिने.
"...असे काही विद्-वानांना वाटते."
"कोणत्या विद्वानांना? नीट वाच, बेटा."
"पापा, यही लिखा है. मतलब, असंच आहे."
पुन्हा वाचायला लावलं. मग पुढचं पान. मग तिला खेळायला पाठवलं.
"रत्ना, किती ठिकाणी?"
"अकरा."
ओरडले असते तर बरं झालं असतं. "का?" एवढंच विचारलं.
"देवापुढे तुम्हांला जाब द्यावा लागू नये म्हणून," मी म्हटलं, आणि कणकेच्या हातांनीच तोंड झाकलं.
मग म्हणाले, "जे सिद्ध करायला मी दोनशे पानं खर्ची घालतोय, ते तू करूनच दाखवलंस. त्यानेही असंच केलं असणार गं. प्रेमापोटी."
तो कोण, हे विचारावं लागलं नाही.

१३ मार्च
चार दिवस झाले. शास्त्र उघडते, वचन दिसत नाही — वाकून लिहिणारा कोणीतरी दिसतो. जीव तुटत होता त्याचा, म्हणून त्याने प्रभूला भेटवलं सगळ्यांना. मग आधीची पानं? तीही कोणीतरी लिहिलीच ना? त्यालाही कोणाची तरी काळजी असेल! एवढाली पुस्तकं वाचून झालं नाही ते माझ्याच हाताने झालं.
ह्यांना सांगितलं. केवढे घाबरले! "अगं, इतिहास वेगळा, विश्वास वेगळा. मी रोज प्रार्थना करतोच ना?"
खरंच करतात. ह्यांचं सगळं शाबूत आहे!

२१ मार्च
पुन्हा सगळं उतरवून काढलं. सांगितलं तसंच, शब्दाला शब्द. आप्पासाहेबांनाही खरं कळवलं. पुडकं पोस्टात टाकलं. हे म्हणाले, "सुटलो!"

२९ मार्च, ईस्टर
पाळकसाहेबांनी प्रार्थनेला माझं नाव घेतलं. घसा बसलाय, म्हटलं. मग हेच चाचपडत उठले आणि माझ्याऐवजी त्यांनी केली. किती मनापासून! सगळी मंडळी डोळे मिटून होती. मी नाही मिटले.