मिरेनची यमुना

चौल, माघ वद्य पंचमी, शके १८५३

आज सकाळी रामेश्वराला पाणी घालून आलो आणि आमच्या शाळेतल्या मुलांसाठी पाद्रीबाबांची गोष्ट लिहून पुरी केली. ते माझ्याकडे मराठी शिकतात. विलायतेकडच्या त्यांच्या बास्क मुलुखातली ही मुलांची गोष्ट त्यांनीच तोडक्या मराठीत सांगितली. भाषांतराच्या आपल्या रिवाजाप्रमाणे मी गोष्टीतल्या मिरेन नावाच्या मुलीची यमुना केली, सफरचंदांच्या बागेची सुपारीची वाडी.

दुपारी त्यांना वाचून दाखवली, तसा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "गुरुजी, छान. पण माझी मिरेन कुठे गेली? आमचा देश नकाशात नाही. मुलांच्या गोष्टीत आहे, तेवढाच."

तेव्हापासून डोक्यात घोळ. पोरांना आपलीशी वाटावी म्हणूनच ना यमुना केली? हिला विचारले, तर म्हणाली, "अहो, यमुनाच बरी. मिरेन ही कुठली मासळी, म्हणून विचारतील पोरी!" हसलो. पण आपलीही यमुना कुणी मेरी करून छापली तर? आणि मिरेन इथे कुणी वाचलीच नाही तर? देवा, काही उमगत नाही.

दिवेलागणीला यमुना खोडून सगळीकडे मिरेन लिहिले. पटले म्हणून, की त्यांचा चेहरा पाहवला नाही म्हणून, ठाऊक नाही. कागद त्यांच्या हाती देऊन आलो.