बाबांच्या आजारावरचं औषध

ती. आईस,
वेस्टमीडहून यामिनीचा नमस्कार.

फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. तिकडे पाऊस असेल, इथे परदेशात जुलैत हिवाळा असतो, पण घरात हीटर चालतो. बाबांना बिनबटणांचे शर्ट बसले का? चमचा स्वतः धरतात, की आता तूच भरवतेस?

त्यांचे रिपोर्ट पुन्हा पाठवलेस. आई, कितीदा सांगितलं, मी औषध शोधत नाही. नवीन औषध तयार करायला किती खर्च येतो, एवढंच आमची टीम शोधते. त्या हिशेबात कंपन्यांनी अर्ध्यावर सोडलेली औषधंही धरावी लागतात.

मंगळवारी त्यांत बाबांच्या आजारावरचं एक निघालं. थोड्या पेशंटना गुण येत होता. पण हा आजारच फार कमी लोकांना होतो, म्हणून कंपनीने पुढे खर्च केला नाही. मी ते 'बंद' या रकान्यात टाकलं आणि पुढचं औषध उघडलं. दुसरं काय करणार होते?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. लेक औषध शोधतेय असं तू बिल्डिंगभर सांगतेस, त्यावरून मी चिडायचे. आता नाही चिडणार. बाबांसमोर जरा मोठ्याने सांगत जा.

तुझी,
यामिनी