यादीतली सरस्वतीबाई

मेलकावेरी, कुंभकोणम्
रविवार, २१ एप्रिल २०२४

प्रिय दिव्यश्रीस,

विशालाक्षीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तू शुक्रवारी रात्री चेन्नैला नीट पोचलीस, हे आपल्या चौघांच्या ग्रुपवर वाचलं. तुझा पिवळा डबा इथेच राहिला. आईने त्यात मुरुक्कू भरून ठेवला आहे आणि कोण चेन्नैला जाणार आहे का म्हणून गल्लीत विचारते आहे. रामनवमीचं गुळाचं पानकम तुझ्यापर्यंत पुरलं नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं. ऊन फार आहे. तिकडेही असेल.

फोन असताना हिने कागद का घेतला, असं तुला वाटेल. ग्रुपवर लिहायला घेतलं की सगळ्यांना वर दिसतं, विशाला लिहिते आहे. मग मी तीनदा पुसते आणि चौथ्यांदा नुसतं ‘बरं’ पाठवते. शुक्रवारपासून मी सात वेळा ‘बरं’ पाठवलं आहे. मोजून सांगते.

शुक्रवारचा दिवस मला पुन्हा लिहून काढायचा आहे. तू तिथे होतीस, तरीही.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुरलीने तिरुचीहून शाईच्या बोटाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘रांगेत पहिला. आयुष्यात प्रथमच कशात तरी पहिला.’ तू माझ्याशेजारी ओसरीवर बसून कॉफी पीत होतीस. तू लिहिलंस, ‘नख कापायचं होतंस रे आधी.’ कीर्ति बेंगळुरूहून म्हणाली की त्यांचं मतदान पुढच्या शुक्रवारी आहे, त्यामुळे आज ती नुसती प्रेक्षक आहे आणि आम्ही तिला दर अर्ध्या तासाने बातमी द्यायची. मग ‘न्याहारीला काय’ यावरून वीसेक संदेश झाले. मुरली म्हणाला, आमच्याकडे मतदानाच्या दिवशी पोळ्या करतात, ही शिवाजीराजांच्या काळापासूनची पद्धत आहे. तू लिहिलंस, ‘हो, तेव्हा बूथ तंजावरच्या किल्ल्यात होता.’ कीर्ति इतकी हसली की तिने आवाज नोंदवून पाठवला. नुसतं हसणं, अकरा सेकंद.

मीही त्याआधी एक विनोद लिहिला होता. इडलीबद्दल. त्यावर कोणी काही बोललं नाही. तू फोन बघत होतीस आणि मी तुला बघत होते.

साडेआठला आपण शाळेतल्या बूथवर गेलो. आपली घरं शेजारी, पण यादीत तुझा भाग वेगळा, माझा वेगळा, तरी तू म्हणालीस, आधी माझ्या रांगेत ये. दाराशी पोलीस बाईने फोन आत नेऊ दिला नाही, म्हणून तो तू माझ्या हातात दिलास आणि गेलीस. आता पहिली गोष्ट सांगते. तू आत असताना फोन उजळला आणि मी वाचलं. मुद्दाम उघडला नाही, पण नजर काढूनही घेतली नाही. कीर्तिचा संदेश होता, ग्रुपवरचा नव्हे, तुझ्या एकटीसाठी. ‘विशाला बरी आहे ना गं? ती दोन सेकंदांत उत्तर देते, मला दडपण येतं. तुझ्याशी बोलताना तसं होत नाही.’

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मला आजोबांनी शिकवलं होतं. शाळेत मी थेट चौथीत गेले. त्याआधी सगळं घरात, हनुमंतराव आजोबांपाशी, सकाळी बालबोध आणि दुपारी तमिळ. त्यांच्या शिस्तीचे दोन नियम होते. खोटं कधी बोलायचं नाही. आणि विचारलं तेवढंच सांगायचं, जास्तीचं बोलणं हा उथळपणा. हे दोन्ही मी पाळत आले. दुसऱ्या नियमाबद्दल पुढे लिहिते.

तू बाहेर आलीस तेव्हा हसत होतीस, पण ओठ पांढरे होते. म्हणालीस, ‘विशाला, मी मेले म्हणे.’

बाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी यादी पुन्हा बघितली. वगळलेल्या नावांच्या पुरवणीत तू होतीस. घर क्रमांक चौदा, सरस्वती बाई, वडील कल्याणराम राव, वय तेवीस, मृत. तू ओळखपत्र दाखवलंस. त्यावर तुझा फोटो, तेच नाव. तो टेबलवाला म्हणाला, ‘अक्का, कार्ड आहे, तुम्हीही आहात, पण यादीत नाही तर मशीन तुम्हाला ओळखणार नाही.’ पोलीस बाईने विचारलं, ही तर मघाशी तुम्हाला दिव्यश्री म्हणत होती, मग सरस्वती कोण? तू तिला उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितलीस. आमच्याकडे थोरल्या नातीला आजीचं नाव ठेवतात. पण सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग मुलीला हाक कशी मारायची, म्हणून घरात दुसरं नाव. कागदावर सरस्वती, घरात दिव्यश्री. पोलीस बाई म्हणाली, ‘बरं झालं, माझ्या सासूचं नाव मी दिवसातून दहा वेळा घेते, शिव्या देताना.’ तूही हसलीस. मग भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधायला लागलीस. रुमाल तुझ्या हातातच होता.

मी काही बोलले नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

नंतर ग्रुपवर काय झालं ते तुला माहीत आहे. मुरलीने विचारलं, ‘तेराव्याला जेवायला बोलावणार का? वांग्याचं रसवांगी असेल तर येतो.’ कीर्ति त्याच्यावर खवळली. तिने लिहिलं, जिवंत माणसाला मारतात आणि तुला गंमत सुचते. ज्या बाईने घरोघर फिरून यादी तपासली तिच्यावर लेखी तक्रार झालीच पाहिजे, तिचं काम गेलं तरी चालेल. आणि मग, ‘विशाला, मसुदा तू कर. तुझं तमिळ थेट अर्जासारखं असतं.’

त्या दिवसात कीर्तिने मला उद्देशून लिहिलेलं ते पहिलं वाक्य. मला आनंद झाला, दिव्यश्री. तू माझ्या शेजारी रडत होतीस आणि मला आनंद झाला. मी दोन सेकंदांत लिहिलं, ‘बरं.’

तो मसुदा मी केलेला नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

ती बाई म्हणजे मणीअक्का. आपल्या मागच्या रस्त्यावर अंगणवाडी चालवते, त्यावर यादीचंही काम तिच्याकडे. गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी ती आमच्या ओसरीवर आली. चौदा नंबरला कुलूप होतं. तिने यादीत बघून मोठ्याने विचारलं, ‘शेजारच्या सरस्वती बाई कुठे असतात?’ आई आतून म्हणाली, ‘अगं, त्या वारल्या की. दोन वर्षं होतील माशी महिन्यात.’ आईची चूक नाही. तिला सरस्वतीबाई म्हणजे तुझी आजी. आजीचं नाव यादीतून आधीच निघालं होतं, कल्याणराममामांनी स्वतः जाऊन काढलं होतं, तेही तिला ठाऊक नव्हतं. आणि तू तिला दिव्यश्री. त्या गल्लीत तुझं कागदावरचं नाव एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण लॉकडाउनात तू आजीकडे होतीस तेव्हा तुझा मतदाराचा अर्ज मीच भरला होता. आठवतं, फोटो भिंतीसमोर मी काढला होता, आणि तू म्हणाली होतीस, आता मी या गावची झाले.

मणीअक्काने मला विचारलं, ‘बरोबर ना मा?’ कागद तिच्या मांडीवर होता. मला तिथून वय दिसत होतं, तेवीस. तुझा फोटो दिसत होता. मी म्हणाले, ‘त्या घरच्या सरस्वतीबाई माशीत वारल्या.’

यात एक शब्दही खोटा नाही, आणि विचारलं तेवढंच सांगितलं. इतके महिने मी हेच स्वतःला सांगत होते.

तिने लिहिलं. शेजाऱ्याची सही हवी म्हणाली. मी सही केली, इनिशियलसकट, पूर्ण.

का, ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. याच्या आधीचे दोन कागद फाडले.

कीर्ति मला सापडली होती. डांगर पच्चडी कशी करतात असं तिने नेटवरच्या कुठल्याशा पानावर विचारलं होतं, आपल्याच मराठीत, आणि मी उत्तर दिलं. त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी तिचा पहिला संदेश मला यायचा. बाहेर सगळीकडे तमिळ, घरात आईबाप. माझ्या वयाचं, आपल्या बोलीत बोलणारं कोणी मला तोवर मिळालं नव्हतं. मग मीच ग्रुप केला, मुरलीला घेतलं, तुला घेतलं. पंधरा दिवसांत कीर्ति तुला ‘अगे’ म्हणायला लागली. तो शब्द तिच्याकडे नव्हता. तो तिला मी दिला होता.

मी तिला कुंभकोणम्‌ला चार वेळा बोलावलं. रजा नाही, गाडी नाही, पुढच्या महिन्यात. ऑक्टोबरात ती चेन्नैला आली, तुम्ही दोघी भेटलात, आणि मला ते फोटोवरून कळलं. तुम्ही एकाच ताटात खात होतात. त्याच संध्याकाळी तू लिहिलंस, पुढच्या उन्हाळ्यात मतदानाला मी मेलकावेरीला जाणार. कीर्तिने लगेच लिहिलं, ‘तू जाणार असशील तर मीही येते.’

मणीअक्का आली ती दुसऱ्या दिवशीची सकाळ होती.

तू मत द्यावंस की नाही, याचा मी विचार केला नव्हता. मला एवढंच वाटलं की हिचं इथे काही नसेल तर ही इथे येणार नाही. आणि ही आली नाही, तर कीर्ति कधीतरी माझ्यासाठी येईल. इतकं लहान होतं ते. तीस सेकंदांत झालं. त्यानंतर यादीत हरकत घेता आली असती, दोन महिने होते. मला तारीखही पाठ होती. मी रोज म्हणत होते, उद्या. एप्रिलमध्ये कीर्तिला रजा मिळाली नाहीच आणि तू एकटी आलीस. गुरुवारी तू बसमधून उतरलीस तेव्हाही वेळ होता. निदान तुला सांगायला. तू माझ्या खोलीत झोपलीस, आजी कशी नऊवारी नेसून रांगेत जायची ते सांगत होतीस, आणि मी म्हणत होते, सकाळी सांगू.

आज सकाळी मी मणीअक्काच्या घरी गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. ती चिमटे लावत ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘फोटो मी बघायला पाहिजे होता. दोनशे घरं होती, गुडघा दुखत होता, तू शिकलेली मुलगी, तू सही केलीस, मी पान उलटलं.’ पुढचा कपडा झटकून म्हणाली, ‘त्या पोरीचा तुला राग होता का?’

मी हो म्हणाले.

‘मग इथे काय करतेस? तिला सांग. मला सांगून तुझं ओझं उतरेल, माझं वाढेल.’ आणि पुढे, ‘माझ्यावर कागद करणार आहेत का ते?’

तो कागद करायचं काम माझ्याकडे आहे.

तक्रार झाली तर माझी सही निघणारच, म्हणून ही आता लिहिते आहे, असं तुला वाटेल. मीही स्वतःला तेच विचारलं. थोडं तसंही आहे. पण मणीअक्काचं काम जाईल आणि मी गप्प बसेन, हे मला शुक्रवारी दुपारी, तुझी बस सुटल्यावर, अगदी सहज शक्य वाटलं होतं. त्या सहजपणाची मला भीती वाटली.

सोबत दुसरा कागद आहे, तमिळमध्ये. माहिती मी दिली, जाणूनबुजून अर्धी दिली, सही माझी, पत्ता माझा. तक्रार करायची असेल तर ती माझ्यावर कर आणि हा जोड. नाव पुन्हा घालायचा अर्ज निवडणूक संपली की करता येतो. कल्याणराममामा म्हणाले तसं चेन्नैत नाव घालायचं की इथे, ते तू ठरव. तो अर्ज या वेळी तू स्वतः भर.

ग्रुपवर मी हे लिहिणार नाही. लिहिलं तर मुरली म्हणेल, धीराची मुलगी आहे. कीर्ति कदाचित मला फोन करेल, आणि मला ते हवं आहे, फार हवं आहे, म्हणूनच नाही. हे पत्र तिला दाखवायचं तर दाखव. दाखवलंस तर ती माझ्याशी बोलणं सोडेल आणि तुझ्याजवळ आणखी येईल. हे लिहितानासुद्धा मला तुझा हेवा वाटतो आहे. तू फसवली गेलीस, तुझं मत गेलं, आणि तरीही मला वाटतं की सगळं तुझ्याकडेच आहे. हे लपवलं असतं तर पत्र जरा बरं दिसलं असतं.

क्षमा मागण्याचं वाक्य मी लिहून खोडलं. ते वाक्य मला चांगलं जमलं होतं.

तुझ्या जिवंतपणाची साक्ष द्यायला कुठेही उभी राहीन,

कु. विशालाक्षी