चार माणसं

आई, एका इन्शुरन्स कंपनीचा मुलगा गेले काही गुरुवार मला फोन करून माझ्या मरणाबद्दल बोलतो आहे. फार गोड बोलतो. दर महिन्याला थोडे पैसे कापायचे आणि मी गेले की ठरलेली रक्कम माझ्या माणसाच्या हातात पडणार. त्यातून गाडी, फुलं, खांदा द्यायला काळ्या सुटातली चार माणसं, सगळं होतं म्हणे. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला हे कुणीतरी विकणारच होतं, आणि लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाइकं घरातच सापडतात. मी फोन ठेवणार होते, पण 'चार' ऐकलं आणि तू आठवलीस. प्रेमाने नाही.

कॉलनीत कुणी गेलं की पहिला निरोप तुला यायचा. बांबू कोण आणणार, मडकं कोण धरणार, रडणाऱ्या बायकांना कुठे बसवायचं, सगळं तू ठरवायचीस. मग घरी येऊन पिठलं-भात करायचीस, कारण त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पातेलं उचलायला बरोबर मी. तुला जिवंत माणसांपेक्षा मेलेलीच जास्त आवडायची, असं मला अजूनही वाटतं. जिवंतांचं तू ऐकून घेत नव्हतीस. खालच्या मजल्यावरचे काका गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मी त्यांच्यापासून लांब का राहते, ते मी तुला आधीच सांगितलं होतं, आणि 'काहीतरीच बोलू नकोस' म्हणून तू विषय मिटवला होतास. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी बेसन कालवते आहे आणि खाली मान घालून म्हणते आहे, आज मी येणार नाही. तू बोट बुडवून चव घेतेस. "मीठ कमी आहे," म्हणतेस, आणि शेजारच्या काकूंच्या देखत पुढे, "अशीच वागत राहा. तुझ्या मयताला चार माणसं मिळायची नाहीत." शेवटी पातेलं घेऊन मी गेलेच. त्याची चीड मला अजून येते, आणि आता ती काकांपेक्षा तुझीच जास्त येते.

तू गेलीस तेव्हा अख्खी कॉलनी आली. रडलं कुणीच नाही. काय काय लागतं, हे सगळे एकमेकांना कुजबुजत विचारत होते, कारण ते माहीत असणारीच तिथे निजवलेली होती. संध्याकाळी आपल्या घरी पिठलं-भात आलाच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी नेला असेल. बाबांनी आणि मी चहात पाव बुडवून खाल्ला. तुझी फजिती झाली म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आता इथे परदेशात, वेरिबीत, माझ्या समोरच्या घरातले पंजाबी अंकल कोविडने गेले. मुलगा ब्रिस्बेनला, राज्यांच्या बॉर्डर बंद. आंटी स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेल्या. त्यांच्यासारखेच मीही अंत्यसंस्कार लॅपटॉपवर बघितले. रिकाम्या खुर्च्या, आणि मास्क लावलेली चार भाड्याची माणसं. त्यांनी अंकलची पेटी इतकी जपून उचलली की मला तुझा संताप आला. चार माणसं मिळतात, आई. ओळखपाळख नसली तरी मिळतात. एवढ्यासाठी तू मला त्या काकांच्या घरात नेलंस.

पॉलिसी घ्यायची, हे मी तिथेच ठरवून टाकलं. अडलं ते नावावर. "बेनिफिशियरी कोण?" म्हणजे पैसे कुणाला द्यायचे, असं इन्शुरन्सच्या मुलाने विचारलं आणि माझ्या तोंडून एकही नाव निघेना. "नो वरीज, टेक युअर टाइम," तो म्हणाला, आणि पुन्हा पुढच्या गुरुवारवर ढकललं.

त्या संध्याकाळी मी बेसन कालवलं. का, ते विचारू नकोस. आंटींच्या दारात डबा ठेवला, बेल वाजवली आणि रस्ता ओलांडून परत आले. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून त्या ओरडल्या, "बेटा, कढी बहुत गाढी थी. और नमक कम था."

मी फुटपाथवरूनच विचारलं, "आंटी, मेरे फ्यूनरल के पेपर में आपका नाम लिख दूँ?"

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पचहत्तर की हूँ मैं. मुझसे पहले जाएगी क्या, पागल?" मग खिडकी लावता लावता म्हणाल्या, "लिख दे."

गुरुवारी मी नाव दिलं. नातं विचारलं तेव्हा 'नेबर' म्हणाले. म्हणजे तुझ्या चारांपैकी एक तरी मिळाली, आणि तीही पिठलं पोचवून, तुझ्याच पद्धतीने. हे मला अजिबात आवडलेलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटी एवढं लिहिते. मीठ खरंच कमी होतं. तू समोर असतीस तर मी हे कबूल केलं नसतं.