प्रयोगशाळेला वास येतोय

सोमवार, ४

पाण्याला वास आला. की मलाच आला?

वरच्या वस्तीतल्या नळाचं पाणी. नेहमीसारखं काचेच्या चंबूत कोमट केलं, हलवलं, झाकण सरकवून नाकाशी नेलं — डिझेल! अगदी पुसट. बाईंना दिला. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "गंध नाही. लिही." बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. या शहराचं पाणी त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय कुणाच्या पेल्यात पडत नाही. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. लिहिलं.

मग जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. बाबा डिझेलची इंजिनं दुरुस्त करतात. आमच्या घरात उशांनासुद्धा तो वास. शाळेत शेजारची मुलगी बाकाच्या टोकाला सरकून बसायची. घरात पहिली शिकलेली मी, पण शिकून अंगाचा वास थोडाच जातो!

मंगळवार, ५

काल मावशीकडे झोपले. तिचा साबण, तिचे कपडे, केससुद्धा धुतले. मावशी म्हणते, "लग्नबिग्न ठरवलंस की काय ग परस्पर?"

आज पुन्हा त्याच नळाचं पाणी. पुन्हा तोच वास, कालच्यापेक्षा जास्त! काल बाई नाही म्हणाल्या, आज कुठल्या तोंडाने सांगू? पण त्या नळावर प्रसूतिगृह आहे. दुपारी धीर केला. चाचरत सगळं सांगून टाकलं — बाबा, उशा, बाकावरची मुलगी. "वास माझाच असेल कदाचित, बाई."

वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. चंबू नाकाशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेर जा. बोलावीन तेव्हा ये."

आत गेले तर टेबलावर झाकलेल्या चंबूंची ओळ. "कुठला?" मी म्हटलं, डावीकडून दुसरा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेवटचा. पुन्हा बाहेर. या खेपेला एकेक हुंगत गेले, परत पहिल्यापासून हुंगत आले. "बाई, यातल्या एकातही नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या. "या वेळी सगळे स्वच्छ पाण्याने भरले होते." आणि सरळ फोन उचलला.

नगराध्यक्षांचा आवाज फोनमधून खोलीभर. "बाहेरून तपासून आणा की!"

"निकालाला आठवडा लागतो. तोवर काय, पाजत राहू?"

"अहो, नुसत्या नाकावर अर्धं शहर कोरडं ठेवायचं? वास येतोय तरी कुणाला?"

"प्रयोगशाळेला येतोय."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर माझी खुर्ची घेऊन जा. तसाही तिचा एक पाय डुगडुगतोय."

तासाभरात वरच्या वस्तीचं पाणी बंद! अशी माणसं असतात. मी जवळून पाहिलं.

बुधवार, ६

शिव्याच शिव्या. टँकरच्या रांगेत शेजारीण आईला म्हणाली, "तुमच्या लेकीच्या हापिसानं बरी जिरवली आमची!" आई म्हणाली, "जिरवली, पण पोटात तर नाही ना घातलं काही?" माझी आई!

खालच्या पंपघरापासून फिटर लोक नळी उकरताहेत. काहीच सापडत नाही. नाहीच सापडलं तर? बाईंची खुर्ची माझ्यापायी जाणार. पण बाईंनाही वास आला असणारच. चंबू एवढा वेळ धरला होता. नाहीतर एवढं बोलल्या असत्या का? तेवढाच आधार.

गुरुवार, ७

काही नाही. मी डबा उघडलाच नाही. बाई मात्र डबा पुसून जेवल्या.

शुक्रवार, ८

सापडलं! सापडलं!

पंपघराच्या जनरेटरची टाकी बुडातून झिरपत होती. डिझेल जमिनीत, आणि तिथेच नळीचा सांधा तडकलेला. पाणी सोडणं बंद झालं की नळी रिकामी होते आणि बाहेरचं आत ओढते. फिटर बरणीभर माती घेऊन आले. खोलीत उभं राहवेना!

अध्यक्षांचा फोन. "बाई, मानलं तुमच्या नाकाला!"

"माझ्या नव्हे, साहेब."

त्यांना विनय वाटला असणार. मलाही वाटला.

घरी सांगितलं. बाबा आपले हात हुंगून म्हणाले, "बघ! आणि तुझी आई मला रोज अंगणातच हात धुवायला लावते." मी त्यांचे हात धरून ठेवले. आज नाही धुवायचे म्हटलं.

शनिवार, ९

संध्याकाळी सगळे गेले. पिशवी विसरले म्हणून परत आले. बाई टेबलाशी, पाठमोऱ्या. त्यांनी मातीच्या बरणीचं झाकण काढलं. दारापाशी माझे डोळे चुरचुरले. बाईंनी बरणी नाकाला लावून खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

मला बघून दचकल्या नाहीत.

"याचाही नाही येत बघ," म्हणाल्या. "खूप येतोय का ग?"